एका गल्लीची तीन नावे

मी शहराचा एक जुना नकाशा आहे. कापडावर चिकटवलेला, चार हात लांब आणि कडेला जरासा कुरतडलेला. मित्रांनो, स्वतःची टिमकी वाजवू नये म्हणतात. पण हे शहर माझ्याइतके कुणाला पाठ आहे, ते आधी सांगा.

परक्यांचे राज्य होते तेव्हा माझा जन्म झाला. साहेब साखळी घेऊन गल्लीबोळ मोजत फिरला आणि इथल्याच एका नकाशानविसाने मला रेखाटले. रंगारी जिथे ओले तागे वाळत घालत, त्या गल्लीचे नाव त्याने तिथल्याच बायकांना विचारून लिहिले: रंगारी गल्ली. साहेबाला ते पसंत पडेना. त्याने तिला आपल्या वरिष्ठाचे नाव दिले. पुढे राज्य गेले, त्याबरोबर तेही नाव गेले आणि एका पुढाऱ्याचे आले.

कचेरीचा नियम असा, की जुने नाव पात्याने खरवडायचे आणि मगच नवे लिहायचे. माझा नकाशानवीस मात्र पक्का आळशी. तो नव्या नावाची पट्टी खळ लावून सरळ वर डकवायचा आणि मोकळा व्हायचा. त्याच्या जागी आलेल्यानेही तोच कित्ता गिरवला. दोघांनीही त्यापायी बोलणी खाल्ली.

भिंतीवर होतो तेव्हा मोठमोठे अधिकारी माझ्यापुढे हात मागे बांधून उभे राहत. मग नवे नकाशे आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. वर्षानुवर्षे कुणी ढुंकून पाहिले नाही. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी कचेरीत एक शिंपीणकाकू आल्या. त्यांच्या गल्लीतली कागद नसलेली घरे पाडायची होती. काकूंजवळ आजेसासऱ्यांचे खरेदीखत होते; पण त्यावर लिहिले होते, 'रंगारी गल्ली, घर नववे'. अशी गल्लीच शहरात नाही, असे सांगून कारकुनाने त्यांना तीनदा परत पाठवले होते. उद्या मजूर येणार होते.

दफ्तर सांभाळणाऱ्या ताईंनी मला खाली उतरवले. ओले फडके ठेवताच पुढाऱ्याची पट्टी सुटली. खाली निघाला साहेबाचा वरिष्ठ! कारकून म्हणाला, "बघा, मी सांगत नव्हतो?" ताईंनी फडके पुन्हा भिजवले. दुसरी पट्टी भारी चिवट. काकूंचा जीव टांगणीला लागला आणि माझाही. अखेर तीही सुटली. खाली माझ्यावरचे पहिले नाव तसेच्या तसे होते, रंगारी गल्ली, आणि त्याच्याशेजारी नववे घर.

अभिमानाने माझा ऊर भरून आला. काकूंनी त्या घरावर बोट ठेवले आणि खरेदीखत कारकुनापुढे सरकवले.

कारकुनाचा आवाज आता उतरला होता. "मग दाखल्यावर नाव कोणतं घालू?"

"तिन्ही घाला," काकू म्हणाल्या. "माझ्या सुनेला हेलपाटे नकोत."

मित्रांनो, रस्त्यांना नवी नावे खुशाल द्या. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना मात्र ओलीपासून आणि वाळवीपासून जपा, आणि पाते तर लावूच नका. माझ्या अंगावर अजून सत्तावीस पट्ट्या आहेत. त्यांच्याखाली कुणाकुणाची घरे आहेत, ते फक्त मला माहीत आहे.