दाढेतले एकवीस किडे

किडेबाबांच्या दारात सकाळपासून ही गर्दी! गाल सुजलेले, दाढ ठणकणारे आणि नुसतेच बघे. बाबा निखाऱ्यांवर चिमूटभर ‘औषध’ टाकत, नळकांड्याने दुखऱ्या दाढेला धूर देत आणि हनुवटीखालच्या पाण्याच्या वाटीत पांढरे किडे टपाटप पडत.

“बघा, कसे वळवळतायत! डॉक्टर दात उपटतो, मी दुखणं उपटतो!”

त्याच गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची नऊ वर्षांची लेक तिसऱ्यांदा इथे आली होती. जबडा एका बाजूने फुगलेला, ओठ बधिर, दोन चांगल्या दाढा हलत होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाई दोन महिन्यांपूर्वीच म्हणाल्या होत्या, “ही साधी कीड नाही, एक्स-रे काढा.” त्यातला ‘कीड’ एवढाच शब्द घरी पोचला. कीड म्हटल्यावर किडे आलेच आणि किडे काढणारा तर गल्लीतच बसला होता.

सूज हटेना, तेव्हा तीन खेपांत पडलेल्या एकवीस किड्यांची बाटली घेऊन घड्याळजी लेकीसह बाईंकडे गेले.

बाईंनी गाल चाचपला. त्यांचा चेहरा उतरला. “तुमचं भिंग आहे ना खिशात? तुम्हीच बघा.”

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं. डोकं नाही, पाय नाहीत. एकाला तर बीचं टरफल चिकटलेलं.

“त्या ‘औषधात’ बिया असतात. बी तापली की फुटते. आतला कोंब उडून वाटीत पडतो, पाण्यासोबत हलतो,” बाई म्हणाल्या.

घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय चकार शब्द न काढणारा हा माणूस! पोरीच्या बाबतीत मात्र दोन महिने हात जोडून बसला होता.

एक्स-रेत हाड पोखरलेलं दिसलं. तुकडा काढून तपासला. जबड्याच्या हाडाचा कॅन्सर, मुलांमध्ये अगदी क्वचित होणारा. आधी शिरेतून औषधं, मग ऑपरेशन.

“तेव्हाच एक्स-रे काढला असता तर?” घड्याळजींनी विचारलं.

बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “तेव्हा गाठ लहान होती. कमी हाड काढावं लागलं असतं. आता अर्धा जबडा जाईल. उपचार करूच, पण खात्री देता येत नाही.”

घड्याळजी तिथेच ढसाढसा रडले.

ऑपरेशननंतरच्या आठवड्यात ते किडेबाबांच्या दारात आले. बाबांच्याच डब्यातली चिमूट त्यांनी निखाऱ्यांवर टाकली, वर नळकांडं धरलं, पुढे वाटी. नळकांड्यापुढे कुणाचंच तोंड नव्हतं. तरी वाटीत सात किडे पडले.

बघे वाटीवर वाकले. बाबा हळूच डबा उचलू लागले.

घड्याळजी गर्दीकडे वळले. “सूज दोन आठवड्यांत उतरली नाही, ओठ बधिर झाला, चांगली दाढ हलू लागली, तर आधी डॉक्टर गाठा. जे डोळ्यांनी दिसतं, तेही तपासून बघा.”

“आणि तुमची मुलगी?” एका आईने विचारलं. तिच्या कडेवरच्या पोराचा गाल सुजला होता.

“तिला सध्या बोलता येत नाही,” घड्याळजी म्हणाले. “म्हणून मी बोलतोय.”