चार बोटं माती

शेवटच्या संध्याकाळी आबा, माझे वडील, टेकडीवरच होते. पावसाने पायथ्याशी वाहून आणलेली माती घमेल्यात भरून ते पुन्हा वर नेत होते. दर दिवाळीनंतर त्यांचं हेच काम असे. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, मुरमावर चार बोटं माती. तीन वर्षं नाचणी पेरली की पुढे जमीन पडीक ठेवावी लागते.

"आबा, चांद्याला चला की. माझं नवं घर तुमी बघितलंच न्हाई."

"आधी माती अडवायचा बांध पुरा हुंदे, गौतमे. पुढच्या पावसात ह्या टेकडीच्या अंगावर काय ऱ्हाईल?"

मी शाळेत असताना माझी इयत्ता त्यांना कधी आठवत नसे. टेकडीवर कुठे किती माती आहे, हे मात्र ते पहार न मारता सांगत. मी टेकडी उतरून बस धरली. पहाटे ते झोपेतच गेले.

दहावा झाल्यावर मी वर गेले. अर्धवट बांधाशेजारी घमेलं भरलेलंच होतं. मी ते रिकामं केलं आणि माती हाताने पसरली. बोटं लगेच मुरमाला लागली.

"आबा, मी हिच्यावर लई जळायचे," मी मोठ्याने म्हणाले. "माझ्याकडं एवढं वाकून तुमी कधी बघितलंच न्हाई."