मोह सरेपर्यंत

रुपरावांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं देवलापारपुढच्या डोंगरातली सगळी गावं मानत. त्यामुळे "मोह सरला का येतो तुह्यासंगं कोराडीले," असं ते म्हणाले, तेव्हा दामिनीनं हापिसात रजा टाकली आणि बापाला न्यायला माहेरी येऊन बसली.

न्यायचं म्हणजे कायमचंच. आई, गोपिकाबाई, गेल्यापासून रुपराव टेकडीवर एकटे होते. मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडले, तर कुणी हाक ऐकेपर्यंत तिथंच चिखलात. म्हणून कोराडीच्या क्वार्टरमध्ये दामिनीनं त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. खिडकीतून वीजघराच्या चिमण्या दिसत. बापाला तो देखावा आवडणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण इलाज नव्हता.

आणि खरं सांगायचं तर चैत्रातलं हे माहेर तिलाही सुटत नव्हतं. घरामागं मोहाचं जुनं झाड. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक मोहाखालचा पाचोळा पेटवून देतात. गोपिकाबाईंना ते खपत नसे. "झाडाचे पाय पोळतात," म्हणून त्या झाडाखालची जमीन झाडून शेणानं सारवून घ्यायच्या. यंदा दामिनीनं सारवलं. पहाटे त्या सारवणावर फुलं टपटपायची, ती टोपलीत वेचायची, ऊन चढलं की अंगणात वाळत घालायची. मग चुलीवरचा काळा चहा. दुपारी पळसाच्या सावलीत शेळ्या, त्यांच्या मागं चारोळी तोंडात टाकत हिंडणारा बाप, आणि वानरांना शिव्या. दिवस असा जाई की गेल्याचं कळू नये.

लग्न झाल्याच्या पहिल्या चैत्रातही ती अशीच आली होती. सासूनं बजावून धाडलं होतं, "मोह सरला का एक दिवस राहायचं नाही." पण त्या वर्षी शेजाऱ्यांच्या झाडांना फुलं सरल्यावरची तांबडी पालवी फुटली तरी यांचं झाड आपलं फुलं टाकतच होतं. गोपिकाबाई म्हणत, "आपलं झाड आळशी हाय वं, त्याले घाई नाही." सासू फुगून बसली, दामिनी मात्र आईच्या कुशीत मजेत झोपली. तसली झोप पुढं कधी लागली नाही.

यंदाही झाडाचा आळस काही जाईना. खालच्या गावात वेचणी संपली. नवऱ्याचे, ऋषिकेशचे, फोनवर फोन. "बाबा, वर तर एकही फूल दिसत नाही," ती म्हणे. "दिसत नाही, पण पडून राहिले ना?" रुपराव म्हणत. आणि सकाळी खरंच सारवणावर टोपलीभर फुलं असत. फक्त जरा मलूल. रजा संपत आली, तसा तिचा पारा चढू लागला.

एका पहाटे ती बापाच्या आधी उठायचं ठरवून उठली, तर बाज रिकामी. मागच्या दारानं गेली. फटफटत होतं. झाडाखाली रुपराव वाकून उभे होते. कमरेला टोपली, तिच्यावर ओलं पोतं. वाळवणातून उचलून ताजी ठेवलेली कालचीच फुलं ते मूठमूठ, पेरणी करावी तशी, सारवणावर टाकत होते.

"बाबा."

म्हातारा दचकला नाही. उरलेली मूठ टाकून मगच सरळ झाला.

"सरला मोह," तो म्हणाला. "केव्हाचाच सरला."

"मंग हे काहून करून राहिले तुम्ही? तुमच्यासारख्या माणसानं?"

"मले कुठं येत होतं हे. तुह्या मायनं शिकवलं." रुपराव हात धोतराला पुसत राहिले. "तू पहिल्यांदा माहेरी आली होती त्या साली. रोज अंधारात उठे तुही माय. म्हणे, पोरीचा मोह सरू नका देऊ. मी टोपली धरून उभा राहो."

आई जाऊन इतके दिवस झाले, तरी आज पहिल्यांदा दामिनीला तिचा राग आला. सांगितलं का नाही कधी? मग तिथंच बसून ती पोटभर रडली.

रुपरावांनी तिला रडू दिलं. नंतर म्हणाले, "चाल. शब्द देला म्हणजे देला. गाठोडं बांधतो मी, तोवर तू फुलं वेचून घे."

ते घरात गेले. दामिनीनं डोळे पुसले आणि एकेक फूल वेचलं. टोपली भरली. वर झाड तांबड्या पालवीनं भरून गेलं होतं, लपवायला काही उरलंच नव्हतं.

तिनं टोपलीवर ओलं पोतं नीट झाकलं, ती मागच्या खोलीत गार जागी ठेवली आणि चुलीपाशी आली. रुपराव धोतराच्या घड्या घालत होते.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "उद्याले पुन्हा मोह पडन."