कूलर बंद करून वाजवलेला ब्लूज

लाइव्ह अल्बम हवा असेल तर हॉलमधले कूलर बंद ठेवावे लागतील, असं रेकॉर्डिंग करणाऱ्या दुर्गेशनं आधीच बजावलं होतं. एप्रिलमधली रविवारची सकाळ, नंदनवन वस्तीतलं मंगल कार्यालय. माझी तान्ही चिन्मयी मांडीवर घामानं निथळत होती आणि मी सारखी तिची मान चाचपत होते. पण बाबांसाठी एवढं सोसायचं ठरवलं होतं. उभा जन्म गिटारवर ब्लूज, ते अमेरिकेतलं दुःखाचं संगीत, वाजवलेल्या माझ्या बाबांची बोटं आखडत चालली होती. हा उन्हाळा बोटं साथ देतील, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. लोकांसमोर वाजवलेलं काहीतरी मागे राहावं, इतकीच बाबांची इच्छा.

कार्यक्रम माझ्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, धर्मेंद्रनं आयोजित केला होता. भाऊजी आयोजित करतात म्हणजे फ्लेक्स छापतात. त्यावर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा परातीएवढा, आणि कोपऱ्यात बाबांची गिटार, तीही अर्धी कापलेली.

तिसरी रचना संथ होती. बाबांनी तार ओढून एक सूर हळूहळू वर नेला आणि तिथंच थरथरत ठेवला. शेजारच्या यमुताई मघापासून "भजन केव्हा म्हणतील वं हे?" विचारत होत्या, त्यासुद्धा गप्प झाल्या. नेमके तेव्हाच दारात प्रमुख पाहुणे, म्हणजे साहेब, आले.

आणि सगळे कूलर एकदम धडधडले! माझ्या लेकीसाठी एक लागला नव्हता.

"साहेब बिझी शेड्यूलमधून वेळ काढून आले," भाऊजी माइकवर सुरू. "आता अनंतराव आपल्या हस्ते साहेबांचा सत्कार करतील."

हो, बाबांनी साहेबांचा! दुर्गेशनं हेडफोन काढून कपाळावर हात मारला. बाबा, थांबू नका, वाजवत राहा, मी मनातल्या मनात ओरडत होते. पण ते थांबले. पाहुणा आला की हातातलं काम टाकून उठायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. गिटार खाली ठेवून त्यांनी साहेबांना शाल पांघरली, नारळ दिला, वर वाकून नमस्कारही केला. त्यांचाही राग आला मला.

"मलेही कॉलेजात गिटारचा शौक होता," साहेब म्हणाले, "पण समाजसेवेत राहूनच गेला." यावर टाळ्यांचा कडकडाट. एवढ्या टाळ्या बाबांना सकाळपासून मिळाल्या नव्हत्या. भाषण आटोपलं तसे साहेब जेवायला उठले आणि त्यांच्यामागे अख्खा हॉल.

"कूलर बंद कर गा, दुर्गेश," बाबा म्हणाले. "ते मधातच तुटलं. पुन्हा वाजवतो."

"काका, पब्लिक कुठी आहे पण? लाइव्ह करून राहिलो न आपण?"

"दामिनी बसली आहे न," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तिची पोरगीही आहे."

ते वाजवू लागले. एका जागी बोट अडलं, सूर फाटला. ते मागे गेले, तीच जागा पुन्हा घेतली, सावकाश, आणि पार केली. चिन्मयी माझ्या खांद्यावर झोपली होती, मला टाळी वाजवता आली नाही.

रेकॉर्डिंग तयार झालं तेव्हा भाऊजी ते ऐकायला आले आणि शेवटी त्यांचं तोंड वाकडं झालं. "एक टाळी नाही? दुर्गेशले सांगा, साहेबांच्या भाषणाच्या मस्त टाळ्या आहेत, त्या जोडून दे म्हणा."

"नको," बाबा म्हणाले.

"काहून नको? लोक काय म्हणतील, बाबा? अन् हा मागं खणखण आवाज कायचा येऊन राहिला?"

"ताटांचा, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्ही सगळे तिकडं जेवून राहिले होते न."