बेरिलच्या अक्षरातलं पत्र

ओढा ती खुर्ची, बसा. तुमचा पेला रिकामा व्हायच्या आत एक गोष्ट सांगतो. फक्त मधेच पक्ष कुठला ते विचारायचं नाही. पक्ष कुठलाही असो, दारं आमचीच वाजतात.

आमच्या ब्रॅकनशॉ गावात लूम स्ट्रीटला नऊ नंबरमध्ये बेरिल हॉकरिज राहते. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं बाईचं. गुडघे कुरकुरतात, पण निवडणूक लागली की छातीवर पक्षाचं रिबिनीचं फूल लावायचं, मतदारांची यादी चिमट्याच्या पाटीला अडकवायची आणि निघायचं. सव्वीस वर्षं. प्रत्येक नावापुढे एक खूण: आपला, परका, नाहीतर डळमळीत. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात तिच्या स्वतःच्या नोंदी. कुत्रं चावतं. नवरा गेला, जास्त वेळ थांब. असलं सगळं.

आणि एक गोष्ट पक्की. जे माहीत नाही ते ती बोलायची नाही. दारात कुणी विचारलं की बाई, टेकडीवरचं छोटं इस्पितळ राहणार का बंद होणार, तर म्हणायची, माहीत नाही, विचारून सांगते. यंदा तिने उमेदवाराला तोंडावर विचारलंही. तो गोड हसला आणि म्हणाला, सगळ्या बाजूंनी विचार करू. बेरिलने तेच्या तेच प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, "सगळ्या बाजूंनी विचार करू म्हणतोय. याचा अर्थ काय ते मलाही कळलं नाही." लोक हसायचे. पण त्या गल्लीत पंतप्रधानापेक्षा बेरिलच्या शब्दाला वजन होतं, ते ह्याच्यामुळे.

पक्षाचं काम बघायला क्लिफर्ड टॅटरसॉल. बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात त्याचं ऑफिस. हा बेरिलचा जुना सोबती. सव्वीस वर्षं दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी दारं वाजवत जायची आणि शेवटच्या कोपऱ्यावर थर्मासमधला चहा वाटून प्यायची. तीन वर्षांपूर्वी क्लिफर्डची बायको गेली, तेव्हा बेरिलने त्याला चार पानी पत्र लिहिलं होतं. दोन रात्री बसून. माणूस कोसळला होता हो.

यंदा क्लिफर्डने तिला सांगितलं, डळमळीत माणसाला एकच प्रश्न विचार, कशाने परत याल आमच्याकडे? बेरिलने विचारलं, लिहून आणलं. एकेचाळीस घरांनी एकच उत्तर दिलं. इस्पितळ. क्लिफर्डने कागद घेतले, तिच्या खांद्यावर थोपटलं, सोनं आणलंस म्हणाला.

मतदानाला नऊ दिवस होते. बेरिल तेवीस नंबरच्या नोरा पिलिंगकडे गेली. नोरा एकटी, कंबरेचं हाड दोनदा मोडलेलं. दार उघडलं तशी गळ्यात पडली.

"तुझं पत्र वाचून रडले गं मी," नोरा म्हणाली. "समुद्राकाठी मोरकमला लेकीच्या शेजारची जागा मिळत होती, सोमवारी फोन करून नको म्हणून सांगितलं. इस्पितळ राहतंय तर कशाला घर सोडायचं?"

"कसलं पत्र?"

नोराने घड्याळामागून काढून दिलं. निळ्या शाईत, डावीकडे झुकलेलं, बेरिलचंच अक्षर. प्रिय नोरा. मी त्याला समोरासमोर विचारलं, त्याने मला शब्द दिला, इस्पितळ कुठे जात नाही. खाली तिची सही, तीसुद्धा हुबेहूब. क्षणभर बेरिललाच वाटलं, आपण लिहून विसरलो की काय.

येते मी, एवढंच म्हणाली आणि तडक चपलांच्या दुकानात गेली.

क्लिफर्ड फोनवर होता. टेबलावर पाकिटांचे दोन गठ्ठे. एकावर लूम स्ट्रीट आणि आसपास, त्यातली काही गेलेली. दुसऱ्यावर टेकडीपलीकडची नवी वस्ती, जिथली तरणी माणसं शाळा मागतायत. बेरिलने त्या दुसऱ्या गठ्ठ्यातलं एक फोडलं. तेच झुकलेलं अक्षर, तीच सही. आत काय, तर इस्पितळाची जागा मोकळी होतेय, तिथे तुमच्या मुलांची शाळा उभी राहील, मला त्याने शब्द दिलाय.

क्लिफर्डने फोन ठेवला. आधी म्हणाला, आजकाल सगळेच पक्ष शेजाऱ्याच्या नावाने पत्रं पाठवतात. मग म्हणाला, वरच्या ऑफिसातनं हुकूम आला. बेरिलने फोडलेलं पत्र त्याच्यासमोर धरलं.

"अक्षर कुठून आणलंस, क्लिफ?"

अक्षराची नक्कल करणाऱ्या मशीनला नमुना लागतो, म्हणाला. चांगला मोठा लागतो, सगळी अक्षरं आलेली असावी लागतात.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. एवढं मोठं तिने आयुष्यात एकदाच लिहिलं होतं.

"ते तू त्यांना दिलंस? तुझ्या बायकोवरचं?"

"वाचलं नाही गं कुणी. मशीनने नुसती अक्षरं उचलली."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

आणि क्लिफर्ड बोलत सुटला. तीनशे मतांची लढत आहे, ते दुसरे परत आले तर चालेल का तुला, लोक उमेदवाराचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात, त्यात माझा काय दोष? बेरिलने छातीवरचं फूल काढलं, पाकिटांवर ठेवलं आणि पाटी काखेत मारून बाहेर पडली. पाटी पक्षाची होती. नोंदी तिच्या होत्या.

पुढचे आठ दिवस ती एकेचाळीस दारांत गेली. बिनफुलाची. ते पत्र मी लिहिलं नाही, मला कुणी शब्द दिलेला नाही, तेवढं पत्र परत द्या. काहींनी लगेच आणून दिलं. काही म्हणाले, असू दे गं, राजकारण आहे. म्हातारा ऑर्मरॉड चष्मा लावून सहीकडे बघत बसला आणि म्हणाला, "बाई, अक्षर तर तुझंच आहे. आता घाबरून मागे सरतेयस होय?" आणि दार लावलं. तिचं 'माहीत नाही' सव्वीस वर्षं खरं मानलेला माणूस होता तो.

नोराकडे सगळ्यात शेवटी गेली. धीरच होत नव्हता. नोराने सगळं ऐकून घेतलं. मोरकमची जागा बुधवारीच दुसऱ्याला गेली होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पत्र नीट घडी करून बेरिलच्या हातात दिलं आणि दाराला साखळी लावली. त्या दाराला आजवर बेरिलसाठी साखळी लागली नव्हती.

आमचा उमेदवार दोनशे सत्तर मतांनी निवडून आला. क्लिफर्ड बाटली घेऊन नऊ नंबरला गेला, बेल वाजवत राहिला. ती आतच होती. स्वतः कुणाला मत दिलं ते तिने आजवर सांगितलेलं नाही, आणि विचारायची आमची हिंमत नाही. इस्पितळाचं म्हणाल तर अजून सगळ्या बाजूंनी विचार चाललाय.

लूम स्ट्रीटची पत्रं आली तिच्याकडे बहुतेक. पण तो दुसरा गठ्ठाही क्लिफर्डने पाठवलाच. टेकडीपलीकडे तिला कुणी ओळखत नाही, तिथे तिचे गुडघे पोचत नाहीत, आणि तिथल्या शंभर घरांत पत्रातली ती बाई अजून शाळेचा शब्द देतेय. तुम्ही तिकडचेच ना? मग एवढं करा. घरी गेल्यावर खण उघडून बघा, शेजाऱ्यांनाही सांगा. निळ्या शाईतलं, डावीकडे झुकलेलं अक्षर दिसलं तर फाडू नका. येता जाता नऊ नंबरच्या दारातनं आत सरकवा.