पाणथरीची नळी

डॉ. बल्लाळबाईंनी कागदावर एक नागमोडी रेघ ओढली आणि तिच्या मध्यावर गोळा काढला. "पाणथरीला, म्हणजे प्लीहेला, रक्त नेणारी ही नळी. इथं तिला लिंबाएवढा फुगवटा आलाय."

"सायकलच्या ट्यूबला येतो तसा?" अप्पीनं विचारलं. तिची सून चैत्रा शेजारी बसली होती. सव्वीस वर्षांची, चौथा महिना. बाळासाठी सोनोग्राफी केली, तेव्हा हे अवचित दिसलं होतं.

"अगदी तसाच. इतक्या तरुण वयात क्वचितच सापडतो. दिवस भरत आले की फुटायची भीती जास्त. फुटला तर दोघंही हातचे जातील. आताच काढलेला बरा."

चैत्राचा नवरा यादव ट्रॉलरवर गेलेला, फोन लागेना. मलपे बंदराच्या धक्क्यावर अप्पीच्या शेजारी मासळी विकणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. "गर्भारशीच्या पोटाला सुरी? अप्पी, वेड लागलं काय गं?"

"तुझ्या जिभेपेक्षा डॉक्टरची सुरी बरी," म्हणून अप्पी उठली.

घरी चैत्रा गंजीचं, भाताच्या पेजेचं, ताट पुढ्यात घेऊन नुसती बसली होती. "मामी, बाळाला काही झालं तर?"

अप्पी तिच्याजवळ टेकली. "माझी बहीण कुसुमा. आठवा महिना. तांदूळ निवडता निवडता पोट धरून कोसळली, तासाभरात गेली. लोक म्हणाले, भुतानं नेली. मीही तेच म्हणत आले. कशानं गेली, देव जाणे. तुझं मात्र आपल्याला ठाऊक आहे गं."

चैत्रानं ताट ओढलं. "उद्या जाऊ या. यादवची वाट नको बघायला."

ऑपरेशन चार तास चाललं. बाहेर बाकावर बसून अप्पीनं पान लावलं, पण तोंडात घातलं नाही. बल्लाळबाई आल्या त्या कपाळ पुसतच. "फुगवटा कापून काढला, नळीची दोन्ही टोकं एकमेकांना शिवली. पाणथरी वाचली. बाळाचे ठोकेही छान आहेत."

"शिवण पक्की आहे ना?"

"तुमच्या जाळ्यापेक्षा पक्की."

पाचव्या दिवशी यादव धापा टाकत इस्पितळात आला. चैत्रा उशीला टेकून बसली होती. "मला न विचारता?" तो कसाबसा म्हणाला.

"समुद्राला विचारलं होतं," अप्पी म्हणाली, "तो म्हणाला, करा."

चैत्राला हसू आलं आणि टाके दुखले, म्हणून ती दोघांवरही रागावली.

जूनमध्ये मुलगी झाली. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीनं बोटी धक्क्याला बांधलेल्या होत्या, त्यामुळे बाप घरीच होता.