एक ओळ खाली

नवसारीच्या धर्मादाय दवाखान्यात औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या जशुबेन कॉम्प्युटरवर टाइप करून छापायची. त्या दिवशी सकाळपासून पडद्यावर पान धड दिसत नव्हतं. पानाच्या कडा गायब, चिठ्ठ्यांमधल्या फिकट रेघा गायब; सगळा मजकूर एकाखाली एक, सलग. बाहेर रांग वाढत होती. तिने तसंच टाइप करून छापलं, कंपाउंडरने घाईघाईत चिकटवलं, बाटल्या घरोघर गेल्या.

गर्दी ओसरल्यावर तिने नणंदेला फोन लावला. फाल्गुनीचं सुरतेत टायपिंगचं दुकान होतं.

"एवढंच ना भाभी? वर 'व्ह्यू' आहे, त्यात 'प्रिंट लेआउट' दाबा."

पानाच्या कडा आल्या.

"आता एखाद्या चिठ्ठीत क्लिक करा. वर 'लेआउट' दिसेल, त्यात 'ग्रिडलाइन्स'. आल्या रेघा?"

रेघा आल्या. जशुबेन पडद्याजवळ वाकून चिठ्ठ्या वाचू लागली.

"भाभी? झोप लागली की काय?"

"फाल्गुनी, ओळ सरकलीये गं! औषध कसं घ्यायचं ती ओळ प्रत्येकाची पुढच्या चिठ्ठीत गेलीये."

ती भराभर खाली वाचत गेली. कुणाच्या खोकल्याच्या औषधावर 'कुरुपावर लावा' आलं होतं. ते वाचून कुणीही हसलं असतं. पण वरच्या दोन चिठ्ठ्या म्हाताऱ्या खुरशेदजींच्या होत्या. एक डोळ्यांच्या औषधाची, दुसरी पायाचं कुरूप जाळायच्या औषधाची. दोन्ही बाटल्या सारख्याच, थेंब-थेंब टाकायच्या. आणि कुरुपाच्या औषधावर छापलं होतं, 'दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब.'

खुरशेदजींचा फोन नुसता वाजत राहिला. कंपाउंडरची स्कूटर घेऊन ती तरोटा बाजारात त्यांच्या घरी पोचली तेव्हा आरडाओरडा जिन्यापर्यंत ऐकू येत होता. खुरशेदजी उजवा डोळा दाबून आरामखुर्चीत तळमळत होते आणि शेजारच्या शिरीनबाई पदराने त्यांना वारा घालत होत्या.

"काय दिलंस गं दीकरा? आग लागली डोळ्यात!"

"दुसऱ्या डोळ्यात घातलंत?"

"एकातच जीव चाललाय, दुसऱ्यात कशाला घालू!"

तिने त्यांना धरून मोरीपर्यंत ओढत नेलं आणि डोळा उघडा धरून नळाखाली घातला. पाणी कोपरांवरून ओघळून तिची साडी भिजली.

"बस कर, बुडवशील म्हाताऱ्याला!" शिरीनबाई ओरडल्या. ती थांबली नाही. मग रिक्षा करून सगळे डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरांना जशुबेनने झालं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लगेच धुतलात म्हणून डोळा वाचला. पण बुबुळावर डाग राहील. या डोळ्याला थोडं धुरकट दिसेल."

तिकडे कंपाउंडर प्रत्येकाला फोन करून बाटल्या परत मागवत होता. आणखी कुणाला काही झालं नव्हतं, हे तिला बाकावर बसल्या बसल्या कळलं.

डोळ्याला पट्टी बांधून खुरशेदजी बाहेर आले. तिच्याकडे बघून म्हणाले, "रडतेस काय? ही शिरीन तशीही एकाच डोळ्याने बघायच्या लायकीची आहे."

शिरीनबाईंनी त्यांच्या दंडावर पर्स हाणली. दोघंही हसले. जशुबेन मात्र त्या पट्टीकडे बघत राहिली. तिला हसू येईना.